वाचकांचे प्रश्न : घरी वाइन करताना

घरी वाइन करू पाहणाऱ्या वाचकांच्या प्रश्नांपैकी निवडक प्रश्न इथे घेतले आहेत. वेगळं सांगितलं नसेल तिथे पाच लिटर तयार वाइनचा हिशेब धरावा. घरी वाइन करण्याचे कायदे देशोदेशी, काही ठिकाणी तर राज्याराज्यांत वेगळे आहेत. सामान आणण्याआधी आपल्याकडचा नियम पाहून घ्यावा.

प्रश्न : अगदी पहिल्यांदाच करतो आहे. किमान काय काय लागेल? घरातली भांडी चालतील का?

उत्तर : बारा ते पंधरा लिटरची झाकणाची बादली, पाच लिटरची अरुंद तोंडाची काचेची बरणी, एअरलॉक (आतला वायू बाहेर सोडणारी, बाहेरची हवा आत न घेणारी पाण्याची छोटी नळी) आणि तो बसेल असं भोकाचं रबरी बूच, दीड-दोन मीटर लवचीक नळी, मलमलचं फडकं, थर्मामीटर आणि हायड्रोमीटर, म्हणजे रसात तरंगवून त्याची घनता, आणि तिच्यावरून साखर, मोजायची काचेची नळी. रसायनांत जंतू मारणारं पोटॅशियम मेटाबायसल्फाइट (पुढे नुसतं सल्फाइट), फळातलं पेक्टिन तोडणारं पेक्टिनेज हे एन्झाइम, वाइनचं यीस्ट आणि यीस्टचं खाद्य म्हणून डायअमोनियम फॉस्फेट, म्हणजे डॅप. एवढ्यात पहिली वाइन होते. रस काढायचं दाबयंत्र, फिल्टर, ओकचे तुकडे हे पुढचं. न घेतलं तरी अडत नाही.

खर्च वाचवायला म्हणून लोक सगळ्यात आधी हायड्रोमीटर वगळतात. बाकी कशातही जुगाड करा, यात नको. खालच्या निम्म्या प्रश्नांचं उत्तर त्याच्या आकड्यात आहे.

बादली खाद्यपदार्थांसाठीच्या प्लास्टिकची किंवा स्टेनलेस स्टीलची हवी. तांबं, पितळ, लोखंड आणि ॲल्युमिनियम टाळा. रस आंबट असतो, तो धातू खातो आणि वाइनला धातूची चव, कधी गढूळपणाही येतो. प्लास्टिकच्या बादलीला आतून चरे पडले असतील तर तीही बाद, कारण चऱ्यांत बसलेले जंतू धुऊन निघत नाहीत.

भांडं घासणं आणि निर्जंतुक करणं ही दोन वेगळी कामं आहेत. आधी घासून, चिकटलेलं सगळं काढून खळखळून धुवा. मग एक लिटर पाण्यात १० ग्रॅम मेटाबायसल्फाइट आणि ५ ग्रॅम सायट्रिक ॲसिड विरघळवून त्या पाण्याने भांडं, नळी, बूच, चमचा सगळं दहा मिनिटं ओलं ठेवा आणि निथळू द्या. या पाण्याची वाफ घशाला झोंबते. खिडकी उघडी ठेवा, आणि घरात दम्याचा त्रास असलेल्याने हे काम करू नये. क्लोरीनचं ब्लीच मात्र वापरू नका. त्याचा अंश राहिला तर पुढे वाइनला कोंदट, ओल लागलेल्या पुठ्ठ्यासारखा वास धरतो आणि तो कशानेही जात नाही.

प्रश्न : द्राक्षं घ्यावीत की बाटलीतला तयार रस? द्राक्षं किती लागतील?

उत्तर : पहिल्या खेपेला तयार रस घ्या. चुरडणं, चोथा, पिळणं हे सगळं वाचतं आणि लक्ष आंबवण्यावर राहतं. शंभर टक्के रस हवा आणि लेबलावर सॉर्बेट किंवा बेंझोएट नको. ही दोन्ही परिरक्षकं यीस्टला वाढू देत नाहीत; ‘यीस्ट टाकलं पण काहीच झालं नाही’ या तक्रारीच्या मुळाशी बरेचदा तीच असतात. ॲस्कॉर्बिक ॲसिड, म्हणजे क जीवनसत्त्व, असेल तर हरकत नाही.

द्राक्षांचा हिशेब असा : एक किलो द्राक्षांतून हाताने पिळून सहाशे ते साडेसहाशे मिलिलिटर रस निघतो. दर वेळी गाळ सोडून वरची वाइन काढून घेताना थोडी कमी होते. म्हणून पाच लिटरची बरणी गळ्यापर्यंत भरायची तर ८ ते ९ किलो द्राक्षं घ्या. जास्तीचा रस वाया जात नाही. तो लहान बाटलीत एअरलॉक लावून वेगळा आंबवा, पुढे बरणी भरून काढायला तोच लागतो.

खायची गोड द्राक्षं वाइनच्या वाणांपेक्षा कमी साखरेची असतात हे ऐकून पुष्कळांना नवल वाटतं. त्यांच्यात आम्ल कमी असतं, म्हणून ती जिभेला गोड लागतात. साखर साधारण १६ ते २० ब्रिक्स (म्हणजे १०० ग्रॅम रसात तेवढे ग्रॅम साखर) भरते, वाइनच्या द्राक्षांत २२ ते २५. खायच्या द्राक्षांची वाइन होते, पण साखर आणि बहुधा टार्टारिक आम्ल घालून.

प्रश्न : साखर किती घालायची? कुठे ‘किलोला पाव किलो’ असं वाचलं, कुठे त्याच्या दुप्पट.

उत्तर : किलोचं प्रमाण सांगणाऱ्याला तुमच्या द्राक्षांत मुळात किती साखर आहे ते माहीत नसतं. गाळलेला रस उभ्या नळीत घ्या, हायड्रोमीटर सोडा, बुडबुडे झटकण्यासाठी तो हलकेच फिरवा आणि रसाच्या पातळीशी डोळा नेऊन आकडा वाचा. कोरड्या, म्हणजे साखर न उरलेल्या, वाइनसाठी सुरुवातीचं विशिष्ट गुरुत्व, म्हणजे पाण्याच्या तुलनेतली घनता, १.०८५ ते १.०९५ असावं.

समजा, आकडा १.०७२ आला आणि १.०९० करायचा आहे. फरक ०.०१८, म्हणजे १८ अंशांचा. एका लिटर रसाचा एक अंश वाढवायला सुमारे ३ ग्रॅम साखर लागते. पाच लिटरला १८ × ३ × ५ म्हणजे २७० ग्रॅम. ही साखर थोड्या रसात पूर्ण विरघळवून मगच ओता. तळाशी दाणे राहिले तर मोजमाप खोटं पडतं. ओतून ढवळल्यावर पुन्हा मोजा.

मद्यार्क किती झाला हे काढायला सुरुवातीच्या गुरुत्वातून शेवटचं वजा करून १३१.२५ ने गुणतात. १.०९० वरून ०.९९६ वर आली तर ०.०९४ × १३१.२५, म्हणजे सुमारे १२.३ टक्के. शेवटचा आकडा १ च्या खाली जातो, कारण मद्यार्क पाण्यापेक्षा हलका असतो. आकडा १.००० आला की झालं, असं समजू नका. कोरडी वाइन ०.९९० ते ०.९९६ पर्यंत उतरते.

बहुतेक हायड्रोमीटर २० अंश सेल्सिअसला बरोबर असतात. रस ३० अंशांवर असेल तर वाचलेल्या आकड्यात ०.००२ ते ०.००३ मिळवा. गोडी फार हवी म्हणून सुरुवातीलाच १.११० च्या वर जाऊ नका. इतक्या साखरेत यीस्टचा जीव घुसमटतो आणि ते अर्ध्यावर थांबतं.

प्रश्न : लाल वाइनची पूर्ण कृती क्रमाने द्याल का?

उत्तर : द्राक्षं निवडून घ्या. बुरशी आलेले, फुटून आंबलेले मणी काढा, देठ पूर्ण काढा. देठाने वाइन कडवट होते. मणी हाताने चुरडा, साल फुटली की पुरे. मिक्सर नको. त्यात बिया फुटतात आणि बियांतला तीव्र कडू तुरटपणा वाइनमध्ये उतरतो, तो मुरवूनही नीट जात नाही.

चुरडलेलं सगळं सालीसकट बादलीत. बादलीचा किमान एक तृतीयांश भाग रिकामा ठेवा. आता मेटाबायसल्फाइट. लागते ती मात्रा अर्ध्या ग्रॅमच्या आसपास, आणि स्वयंपाकघरातल्या काट्यावर ती मोजता येत नाही. म्हणून १० ग्रॅम पावडर पाण्यात विरघळवून द्रावण बरोबर १०० मिलिलिटर करा. त्याच्या १ मिलिलिटरमध्ये ०.१ ग्रॅम पावडर येते. आठ किलो द्राक्षांच्या चुरड्याला सिरिंजने ५ मिलिलिटर घाला, ढवळा, फडक्याने झाका. बारा तासांनी पेक्टिनेज, पाकिटावरच्या मात्रेत. साखर आणि आम्लाची मोजणी याच दिवशी उरका. लाल वाइनला एकूण आम्ल लिटरला ६ ते ७ ग्रॅम असावं. लिटरला १ ग्रॅम टार्टारिक घातलं की ते १ ग्रॅमने वाढतं. आम्ल मोजायचा संच नसेल तर पीएच-पट्टीवर ३.३ ते ३.६ च्या दरम्यान असल्याची खात्री करा. लिंबू पिळून काम भागवू नका. सायट्रिक आम्लावर पुढे जिवाणू पोसतात.

सल्फाइट घातल्यानंतर चोवीस तासांनी यीस्ट. त्याआधी घातलं तर सल्फाइट त्याच यीस्टला मारतं. बादलीवर फडकं बांधा, घट्ट झाकण नको. या टप्प्यात यीस्टला हवा लागते.

एक-दोन दिवसांत साली वर येऊन जाड थर धरतात. हा थर दिवसातून दोन-तीन वेळा खाली दाबा. रंग आणि तुरटपणा सालीत असतो, आणि वर कोरडी पडलेली साल व्हिनेगरच्या जिवाणूंना आयतं घर देते. थराखालचं तापमान २२ ते २८ अंश ठेवा. आंबताना उष्णता निघते, त्यामुळे खोलीचं तापमान पाहून चालत नाही, थर्मामीटर रसात बुडवा. ३२ च्या वर जायला लागलं तर बादली गार पाण्याच्या टबात ठेवा. डॅप एकूण ५ ग्रॅम : निम्मं पहिल्या फेसाच्या दुसऱ्या दिवशी, निम्मं एक तृतीयांश साखर संपल्यावर, म्हणजे १.०९० ला सुरुवात केली असेल तर १.०६० च्या सुमारास.

गुरुत्व १.०१० ते १.०२० वर आलं की मलमलमधून गाळा. पाच-सात दिवस लागतात, पण दिवस मोजून गाळू नका. चोथा हलक्या हाताने पिळा. शेवटचे थेंब कडू असतात. गाळलेला रस बरणीत भरा, फेसासाठी चार-पाच बोटं जागा सोडा, एअरलॉक लावा. फेस बसला की बरणी गळ्यापर्यंत भरून टाका.

आकडा १ च्या खाली जाऊन सलग तीन दिवस स्थिर राहिला म्हणजे आंबवण संपलं. आता खालचा जाड गाळ सोडून वरची वाइन नळीने दुसऱ्या निर्जंतुक बरणीत घ्या. नळीचं दुसरं टोक बरणीच्या तळाशी टेकवा, धबधब्यासारखं वरून पडू देऊ नका. याच वेळी मेटाबायसल्फाइटच्या त्याच द्रावणातलं ४ मिलिलिटर घाला. पुढची गाळबदली चार ते सहा आठवड्यांनी, त्यानंतरची दोन-तीन महिन्यांनी. सहा महिन्यांच्या आत बाटली भरायची घाई नको.

पांढऱ्या वाइनला साली लगेच काढतात, रस रात्रभर गार ठेवून निवळ घेतात आणि १५ ते १८ अंशांत आंबवतात. जास्त उष्णतेत तिचा सुवास वायूबरोबर उडून जातो. आम्ल लिटरला ७ ते ९ ग्रॅम.

प्रश्न : पावाचं यीस्ट वापरलं तर? आणि द्राक्षांवर नैसर्गिक यीस्ट असतंच, मग विकतचं कशाला?

उत्तर : पावाचं यीस्टही त्याच जातीचं, सॅकरोमायसिस सेरेव्हिसी. साखरेचा मद्यार्क तेही करतं. पण ते निवडलं गेलं आहे पीठ भराभर फुगवण्यासाठी. मद्यार्क वाढला की ते आधी थकतं आणि तळाशी घट्ट बसत नाही, बरणी हलली की पुन्हा वर येतं. वाइन होईल, ती पावाच्या वासाची आणि बराच काळ गढूळ राहिली तर आश्चर्य मानू नका.

सालीवरच्या रानटी यीस्टमध्ये चारपाच टक्क्यांतच मरणाऱ्या जातींची गर्दी असते. त्यांच्यापैकी काही नेलपॉलिशसारखा वास सोडतात. मुरलेल्या वाइनरीत हे जमवतात, कारण रोज मोजणी होते. पहिल्या बरणीला हा जुगार नको.

लालव्हिन ईसी-१११८ हे वाण नवख्यासाठी ठीक. १० ते ३० अंशांत चालतं, १८ टक्के मद्यार्कापर्यंत टिकतं. ५ ग्रॅमचं पाकीट ५० मिलिलिटर, ३५ ते ४० अंश कोमट पाण्यावर शिंपडा, पंधरा मिनिटं थांबा, हलकेच ढवळा. मग थोडा थोडा रस त्यात घालत तापमान उतरवा. यीस्ट आणि रसात दहा अंशांहून जास्त फरक असेल तर झटक्याने पेशी मरतात.

प्रश्न : चौथ्या दिवसापासून एअरलॉकमध्ये बुडबुडे नाहीत. वाइन बिघडली का?

उत्तर : बुडबुडे हा पुरावा नाही. बूच किंचित सैल असेल तर वायू तिथून जातो आणि एअरलॉक गप्प राहतो. उलट आंबवण संपल्यावर खोली तापली की विरघळलेला वायू बाहेर पडतो आणि चांगले आठवडाभर बुडबुडे येत राहतात. हायड्रोमीटर सोडा. आकडा उतरत असेल तर निश्चिंत राहा, १ च्या खाली स्थिर असेल तर काम झालं. वर अडकला असेल तरच पुढचा प्रश्न वाचा.

प्रश्न : गुरुत्व १.०३० वर आठवडाभर अडकलं आहे. पुन्हा यीस्ट शिंपडलं, काही उपयोग झाला नाही.

उत्तर : होणारही नव्हता. १.०९० ला सुरुवात केली असेल तर या वाइनमध्ये आत्ता आठ टक्क्यांच्या आसपास मद्यार्क आहे. कोरडं यीस्ट त्यात पडताच मरतं. त्याला मद्यार्काची सवय लावावी लागते.

आधी सोपे उपाय करा. बरणी २० ते २४ अंशांच्या जागी आणा, निर्जंतुक दांड्याने तळाचा गाळ हलवून वर आणा, तीन दिवस वाट पाहा. थंडीने झोपलेलं यीस्ट एवढ्यानेही जागं होतं.

नाहीच झालं तर ईसी-१११८ चं नवं पाकीट वर सांगितल्याप्रमाणे कोमट पाण्यात भिजवा. त्यात निम्मं पाणी, निम्मी अडकलेली वाइन आणि चमचाभर साखर यांचं १०० मिलिलिटर मिश्रण घाला. फेस दिसू लागला की जेवढं द्रावण आहे तेवढीच वाइन त्यात ओता. पुन्हा फेस आला की पुन्हा तेवढीच. असं दुप्पट करत लिटरभर झालं आणि जोमात आलं की ते बरणीत ओता. घाई करून एकदम सगळी वाइन ओतलीत तर पहिल्यापासून सुरू. या टप्प्यावर डॅप घालू नका. मद्यार्क वाढल्यावर यीस्ट त्यातलं नत्र फारसं घेऊ शकत नाही आणि उरलेलं खाद्य नको त्या जिवाणूंच्या वाट्याला जातं.

कारण शोधून ठेवा, नाहीतर पुढची बरणीही तिथेच थांबेल. नेहमीचे संशयित : पहिल्या दोन दिवसांत तापमान ३५ ला गेलेलं, साखर १.११० च्या वर, डॅप विसरलेलं, किंवा यीस्ट कोमटऐवजी गरम पाण्यात भिजवलेलं.

प्रश्न : बरणीतून सडक्या अंड्यासारखा वास येतो.

उत्तर : हायड्रोजन सल्फाइड. नत्र कमी पडलं की यीस्ट तो सोडतं. अजून निम्मी साखर शिल्लक असेल तर लिटरला अर्धा ग्रॅम डॅप आणि जोरात ढवळणं, एवढ्याने वास एक-दोन दिवसांत जातो. आंबवण संपल्यावर आला असेल तर वाइन लगेच गाळावरून काढा, आणि या एका वेळी ती मुद्दाम वरून, हवा लागेल अशी पडू द्या. मग ४ मिलिलिटर सल्फाइट-द्रावण. दुर्लक्ष करू नका. हाच वायू महिन्या-दोन महिन्यांत लसूण-कांद्याच्या वासाच्या संयुगांत बदलतो आणि ती हवेने निघत नाहीत. तांब्याचे क्षार अंदाजाने घालायचा उपाय सांगितला जातो. ते विषारी आहेत, घरी नको.

प्रश्न : सल्फाइटशिवाय वाइन करता येणार नाही का? डोकेदुखी त्यानेच होते म्हणतात.

उत्तर : करता येते, टिकवणं कठीण. आणि पूर्ण सल्फाइटमुक्त वाइन जवळजवळ नसतेच, कारण यीस्ट स्वतःच थोडं तयार करतं. सल्फाइटचा खरा धोका संवेदनशील लोकांना, विशेषतः दम्याच्या काही रुग्णांना असतो, आणि त्यात श्वासाचा त्रास होतो. त्यांनी ही वाइन पिऊ नये. डोकेदुखीचं खापर त्याच्यावर फोडण्याआधी हे ध्यानात घ्या की सुकवलेल्या जर्दाळूंत वाइनपेक्षा कितीतरी जास्त सल्फाइट असतं.

मात्रा पीएचवर ठरते, हे बऱ्याच कृतींत सांगितलेलं नसतं. पीएच ३.२ ला सल्फाइटमधून सुटणारा मुक्त सल्फर डायऑक्साइड लिटरमागे २० मिलिग्रॅम असताना जे काम करतो, त्यासाठी ३.५ ला ४० लागतात आणि ३.७ ला साठाच्या वर. म्हणून कमी आंबट वाइन लवकर बिघडते. आपल्या १० टक्के द्रावणाचे ४.४ मिलिलिटर पाच लिटर वाइनला लिटरमागे ५० मिलिग्रॅम देतात. यातला काही भाग वाइनमध्ये बांधला जातो, सगळा मुक्त राहत नाही. द्रावण महिन्याभराने नवं करा, त्याचा जोर उतरतो.

प्रश्न : वाइनवर पांढरी साय धरली आहे. फेकून द्यावी का?

उत्तर : आधी वास घ्या आणि चाखा. पातळ, पांढरट, सुरकुतलेली साय ही बहुधा हवेवर जगणाऱ्या यीस्टची. चव ठीक असेल तर नळी सायीखाली घालून वाइन दुसऱ्या बरणीत घ्या, वरचा इंचभर टाकून द्या, सल्फाइट घाला आणि बरणी गळ्यापर्यंत भरा. भरायला वाइन नसेल तर निर्जंतुक केलेल्या काचेच्या गोट्या टाका, पातळी वर येते.

व्हिनेगरचा वास असेल तर परत फिरण्याची वाट नाही. ॲसिटिक जिवाणू मद्यार्काचं आम्ल करतात, आणि त्यांना हवा लागते हे लुई पाश्चर यांनी १८६० च्या दशकातच दाखवलं होतं. अशा वाइनचं व्हिनेगर करायचं असेल तर वेगळ्या भांड्यात, दुसऱ्या खोलीत. चिलटं हेच जिवाणू एका भांड्यातून दुसऱ्यात नेतात. एअरलॉकमधलं पाणी आटलं की त्यांना दार उघडं. आठवड्याला एकदा पाहत जा.

हिरवी, काळी, केसाळ बुरशी असेल तर सगळं ओतून द्या. वरचा भाग काढून खालचं पिऊ नका.

प्रश्न : तीन महिने झाले तरी वाइन निवळत नाही.

उत्तर : फळ शिजवलं होतं का, किंवा पेक्टिनेज घातलं नव्हतं का? मग हा पेक्टिनचा धूसरपणा असेल. चाचणी सोपी : एक भाग वाइनमध्ये तीन-चार भाग तीव्र स्पिरिट मिसळा. जेलीसारखे तंतू किंवा गुठळ्या दिसल्या तर पेक्टिन. हा नमुना फेकून द्या, चाखू नका. उपाय म्हणजे पेक्टिनेज आताही घालणं. मद्यार्कात ते मंद चालतं, मात्रा दुप्पट करा आणि बरणी उबदार जागी ठेवा.

तंतू नसतील तर प्रथिनं किंवा तरंगतं यीस्ट. लिटरला अर्धा ते एक ग्रॅम बेंटोनाइट ही माती कोमट पाण्यात दिवसभर फुगवून ढवळा. आठवड्यात खाली बसतं. पण त्याआधी बरणीतला कोंडलेला कार्बन डायऑक्साइड ढवळून काढा. वायूचे बारीक बुडबुडे गाळाला वर उचलून धरतात, आणि पुष्कळ ‘न निवळणाऱ्या’ वाइन एवढ्यानेच निवळतात.

प्रश्न : गोड वाइन आवडते. बाटली भरताना साखर घातली आणि दोन बाटल्या फुटल्या.

उत्तर : कोणाला इजा झाली नसेल तर थोडक्यात निभावलं. उरलेल्या बाटल्या जाड टॉवेलमध्ये गुंडाळून, चष्मा आणि हातमोजे घालून, गार करून उघडा.

वाइन निवळली म्हणजे यीस्ट संपलं असं नाही. लिटरमागे ४ ग्रॅम साखर बंद बाटलीत आंबली की सुमारे एक वातावरणाचा दाब वाढतो. फसफसत्या वाइनमध्ये मुद्दाम २४ ग्रॅमच्या आसपास घालून सहा वातावरणांचा दाब आणतात, पण तिच्या बाटल्या त्यासाठीच जाड असतात. साधी बाटली तो दाब पेलत नाही.

गोड करायची तर वाइन आधी पूर्ण कोरडी, पूर्ण निवळ आणि गाळावरून काढलेली हवी. मग पाच लिटरला १ ग्रॅम पोटॅशियम सॉर्बेट आणि सोबत ४ मिलिलिटर सल्फाइट-द्रावण. सॉर्बेट यीस्टला मारत नाही, फक्त वाढू देत नाही. चालू आंबवण त्याने थांबणार नाही. नंतर चवीनुसार साखर, आणि बाटलीत न भरता बरणीतच दोन आठवडे एअरलॉकखाली. आकडा हलला नाही तरच भरा. मॅलोलॅक्टिक जिवाणूंनी आंबटपणा उतरवलेल्या वाइनमध्ये सॉर्बेट घालू नका. ते जिवाणू त्याचं जिरॅनियमच्या चुरडलेल्या पानांसारख्या वासात रूपांतर करतात.

प्रश्न : घरच्या वाइनमध्ये मिथेनॉल तयार होऊन डोळे जाण्याची भीती असते का?

उत्तर : फळातल्या पेक्टिनमधून मिथेनॉल किंचित तयार होतं, विकतच्या वाइनमध्येही ते असतं, आणि नुसत्या आंबवलेल्या वाइनमध्ये त्याचं प्रमाण धोक्याच्या खूप खाली राहतं. ज्या दुर्घटना होतात त्या मुख्यतः औद्योगिक मिथेनॉल मिसळलेल्या दारूच्या. वाइन तापवून तिचा अर्क मात्र घरी काढू नका. आगीचा धोका मोठा आहे आणि बहुतेक देशांत परवान्याशिवाय तो गुन्हा आहे.

खरा धोका वायूचा. एक किलो साखर आंबताना अडीचशे लिटरच्या आसपास कार्बन डायऑक्साइड सुटतो, आणि तो जड असल्याने खाली साचतो. बंद कपाटात किंवा तळघरात मोठी बादली ठेवू नका.

प्रश्न : बाटली भरताना काय पाहावं? आधीच्या बाटल्यांच्या तळाशी काचेसारखे खडे दिसले.

उत्तर : खडे काचेचे नाहीत, पोटॅशियम बायटार्ट्रेटचे, म्हणजे टार्टारिक आम्लाच्या क्षाराचे स्फटिक आहेत. वाइन गार झाली की ते बाहेर पडतात. निरुपद्रवी आहेत, शंका असेल तर कोमट पाण्यात टाका, ते विरघळतात, काच विरघळत नाही. नको असतील तर भरण्याआधी बरणी एक-दोन आठवडे शून्य अंशाच्या आसपास ठेवा आणि गार असतानाच नळीने वरची वाइन काढून घ्या.

पाच लिटरच्या ७५० मिलिलिटरच्या सहा बाटल्या होतात, थोडी उरते. ती चाखायला. बाटली नळीने तळापासून भरा, बूच बसल्यावर त्याच्या आणि वाइनच्या मध्ये दीड-दोन सेंटिमीटर जागा राहील इतकी. साधं लाकडी बूच २४ मिलिमीटर जाडीचं आणि बाटलीचा गळा आतून साडेअठराच्या आसपास, त्यामुळे ते हाताने जात नाही, बूच ठोकायचं यंत्र लागतं. ते नसेल तर आट्यांच्या झाकणाच्या बाटल्या वापरा, झाकण आतून धड असलं की झालं. बूच लावलेली बाटली तीन दिवस उभी ठेवा, म्हणजे आत दबलेली हवा निघून जाईल, मग आडवी. प्रत्येक बाटलीवर फळ, तारीख, सुरुवातीचं आणि शेवटचं गुरुत्व लिहा.